‘शासनाकडे पैसेच नाहीत’ या उत्तरापुढे पालकांनी काय करावे?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातल्या एका डोंगराळ गावात राहते. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते सातवीचे वर्ग असून पट ३४ आहे. त्यांतली १२ मुले सहावी-सातवीत आहेत. गेल्या वर्षापासून मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. शाळेला तीन शिक्षक होते. नव्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरवण्याच्या प्रक्रियेत, सहावी-सातवीचे पद गेले आणि त्या गुरुजींचे दुसऱ्या शाळेत समायोजन झाले. आता दोन शिक्षक सात वर्ग सांभाळतात. शाळा अनुदान मागच्या वर्षी मार्चअखेरीस आले, तेही अर्धेच. एका वर्गाचे छप्पर दोन पावसाळ्यांपासून गळते आहे. तालुक्याला गेले की एकच उत्तर मिळते : “शासनाकडे पैसेच नाहीत, आम्ही काय करणार?” गावात काही जण म्हणतात, लोकवर्गणी काढून एक शिक्षक ठेवू. काही जण मुलांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायला निघाले आहेत. माझी मुलगी सहावीत आहे. पैसे नाहीत म्हणून शिक्षक नाही, हे कायद्यात बसते का? आणि आम्ही नेमके काय करावे?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. पैसे नाहीत म्हणून शिक्षक नाही, हे कायद्यात बसत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ७ ने खर्चाची जबाबदारी केंद्र आणि राज्य या दोघांवर मिळून टाकली आहे, आणि त्याच कलमाच्या पाचव्या पोटकलमानुसार केंद्राकडून येणारी रक्कम व स्वतःची इतर साधने लक्षात घेऊन अंमलबजावणीसाठी निधी पुरवणे ही अखेर राज्य शासनाची जबाबदारी आहे. शाळेची इमारत, शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य पुरवण्याचे कर्तव्य कलम ८ ने शासनावर आणि कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे आपल्या बाबतीत जिल्हा परिषदेवर घातले आहे. निधी शिल्लक असेल तरच हे कर्तव्य पाळावे, अशी मुभा या कलमांत दिलेली नाही.

तरीही तालुक्याच्या कार्यालयात आपल्याला मिळालेले उत्तर सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणणार नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांना पद मंजूर करता येत नाही, अनुदानाचा हप्ता सोडता येत नाही आणि छपराच्या दुरुस्तीला प्रशासकीय मान्यताही देता येत नाही. त्यांच्या टेबलापर्यंत येते ते वरून झिरपून उरलेले. जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात नोकरीची बरीच वर्षे काढलेला माणूस म्हणून मी आपल्याला सांगू शकतो की राज्याची तूट गावच्या शाळेत सरळ कपात म्हणून कधीच येत नाही. ती उशिरा आलेला हप्ता म्हणून येते, न भरलेले पद म्हणून येते, आणि सर्वांत चिवट रूपात ती एखाद्या शासन निर्णयातल्या बदललेल्या निकषाच्या रूपाने येते. पहिल्या दोन गोष्टी पुढच्या वर्षी सुधारू शकतात. निकष एकदा बदलला की तो तूट संपल्यावरही तसाच राहतो. आपल्या शाळेचे तिसरे पद गेले ते याच वाटेने, म्हणून आपला सगळा जोर तिथे लागला पाहिजे.

आधी तुटीबद्दल थोडे. मार्च २०२५ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी रुपये आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी रुपये दाखवला होता. म्हणजे वर्ष सुरू होण्याआधीच ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट गृहीत धरलेली होती, आणि कर्ज काढून भागवायची एकूण राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटींची होती. राज्याला हवे तेवढे कर्ज काढता येत नाही. केंद्राचे देणे बाकी असेपर्यंत नव्या कर्जाला केंद्राची संमती लागते असे राज्यघटनेचे कलम २९३ सांगते, आणि महाराष्ट्राने स्वतः २००५ साली केलेला वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदाही तुटीला मर्यादा घालतो. जमेतला निम्म्याहून अधिक भाग वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच जातो. हा खर्च कुठल्याही सरकारला एका वर्षात कमी करता येत नाही. मग ओढाताण उरलेल्या भागातच होते, आणि त्यात नव्या योजनांना राजकीय वजन असते तसे गळक्या छपराला नसते.

यात एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती गावोगावी कानांवर येते. ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी त्याच अर्थसंकल्पात ३६ हजार कोटींची तरतूद होती, आणि शाळांचे पैसे तिकडे गेले असे म्हणून आपल्यासारख्या महिलांनाच बोल लावला जातो. आपण स्वतः त्या योजनेच्या लाभार्थी असाल तरी शाळेसाठी भांडताना मान खाली घालण्याचे काहीही कारण नाही. कोणती योजना आणावी हा विधिमंडळाचा निर्णय असतो. पण नवी योजना आणताना कायद्याने आधीच डोक्यावर असलेल्या जबाबदाऱ्यांचे पैसे वेगळे काढून ठेवणे हेही विधिमंडळाचेच काम आहे, आणि माझ्या मते ते काम नीट झालेले नाही.

आता आपल्या अनुदानाचे पाहू. समग्र शिक्षा ही २०१८ पासूनची केंद्रपुरस्कृत योजना आहे, आणि महाराष्ट्रासाठी तिच्यात केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो. तिच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये आणि त्यापुढे १०० पर्यंत पट असलेल्या शाळेला २५ हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. अर्थसंकल्पात तरतूद होणे आणि ती रक्कम प्रत्यक्ष वितरित होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरतूद विधिमंडळ करते. वितरण मात्र वित्त विभागाच्या संमतीने, संगणकीय प्रणालीवर, हप्त्याहप्त्याने होते, आणि तिजोरीत ओढ असली की वित्त विभाग हप्ता अडवून धरतो. राज्याने आपला वाटा टाकायला उशीर केला की केंद्राचा पुढचा हप्ताही रखडतो. शेवटी पैसे मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खात्यावर येतात, ३१ मार्चच्या आत खर्च करण्याचा तगादा लागतो, आणि घाईत खर्च झाला नाही तर रक्कम परत जाते. कागदावर ‘मंजूर’ दिसणाऱ्या रकमेतून शाळेला वर्षभर वीजबिल, खडू, साफसफाई यांसाठी काही मिळालेलेच नसते. मुख्याध्यापक ते खिशातून भागवतात, हे आपण पाहिलेच असेल.

टोकाच्या टंचाईत काय होते याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे करोनाकाळात, ४ मे २०२० रोजी, वित्त विभागाने काढलेला शासन निर्णय. विकासकामांवरचा खर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांपर्यंत रोखण्यात आला आणि आरोग्यासारखे मोजके विभाग वगळता नव्या पदभरतीवर बंदी आली. शिक्षण त्या मोजक्या विभागांत नव्हते. त्याआधीही, २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत शिक्षकभरती थांबवली होती, आणि ती पवित्र पोर्टल या शासनाच्या ऑनलाइन शिक्षकभरती व्यवस्थेच्या मार्गाने पुन्हा सुरू व्हायला कित्येक वर्षे गेली. भरती थांबलेल्या वर्षांत पहिलीत आलेले मूल भरती सुरू होईपर्यंत प्राथमिक शाळा सोडून गेलेले असते, आणि त्याची भरपाई पुढे कोणत्याही पुरवणी मागणीतून होत नाही.

पण मला अधिक सविस्तर बोलायचे आहे ते टंचाई कायद्यात कशी शिरते याविषयी. अधिनियमातला शब्दही न बदलता, नियम आणि शासन निर्णय यांच्या आधारे हक्क आखूड केला जातो. महाराष्ट्रात हे दोन दशकांहून अधिक काळ चालले आहे. २००० साली शिक्षण सेवक योजना आली. नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे पूर्ण वेतनाऐवजी मानधनावर ठेवण्याची ही व्यवस्था खर्च वाचवण्यासाठीच होती, आणि प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन १६ हजारांवर यायला २०२३ साल उजाडले. २००१ मध्ये नव्या खासगी शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर परवानगी देण्याचे धोरण आले. म्हणजे शाळा उघडा, पण शासनाकडे अनुदान कधी मागू नका. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द काढण्यात आला, मग वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान देण्याचे ठरले, आणि त्या शाळांतले शिक्षक आजतागायत त्या टप्प्यांची वाट पाहत आहेत. पुढचा टप्पा देण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. शासन निर्णयही निघाला. पण त्यासाठी पैशांची तरतूद झाली नाही, म्हणून जुलै २०२५ मध्ये ते शिक्षक भर पावसात आझाद मैदानावर बसले, तेव्हा कुठे सरकार हलले. निर्णय आणि तरतूद यांतले हे अंतर आपण नीट लक्षात ठेवावे, कारण कोणी आमदार किंवा अधिकारी आपल्या हाती एखादा शासन निर्णय ठेवील, तेव्हा त्याच्या शेवटच्या परिच्छेदात खर्च अर्थसंकल्पातल्या कोणत्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या खात्याखाली) भागवायचा हे लिहिले आहे का आणि त्या वर्षी तिथे रक्कम आहे का, हे विचारणे हा आपला पहिला प्रश्न असला पाहिजे.

याच अधिनियमाने वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवलेल्या खासगी शाळांतील २५ टक्के राखीव प्रवेशांचेही असेच झाले. या मुलांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शासनाने शाळांना करायची असते, आणि ती अनेक वर्षे थकत गेली होती. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने नियमांत दुरुस्ती करून असे ठरवले की ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा आहे, तिला हे प्रवेश देण्याचे बंधन राहणार नाही. शहरांत अशी शाळा जवळ नसलेली जागा शोधूनही सापडणार नाही. म्हणजे संसदेने दिलेला हक्क एका राज्यनियमाने जवळजवळ पुसला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये त्या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्दच केली. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. हा निकाल आपल्या शाळेविषयी नाही. तरी तो आपल्या कामाचा आहे, कारण अधिनियमाने दिलेले राज्याला नियम बदलून काढून घेता येत नाही, हे तत्त्व त्यात ठामपणे मांडलेले आहे.

याच तत्त्वाच्या उजेडात आपली संचमान्यता वाचा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकपदांचे निकष बदलले, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत २० पेक्षा कमी मुले असतील तर तिथे पदच अनुज्ञेय होत नाही अशी स्थिती आली. आपल्याकडे तशी १२ मुले आहेत, म्हणून पद शून्य झाले. आता अधिनियमाची अनुसूची पाहा. पहिली ते पाचवीसाठी तिच्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक असावा, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा, असे म्हटले आहे. किमान पटाची अट तिथे नाही. शिवाय ही अनुसूची बदलण्याचा अधिकार कलम २० ने केंद्र सरकारला दिलेला आहे, राज्याला नाही. शिक्षक संघटनांनी हा मुद्दा लावून धरला आहे आणि माझ्या वाचनानुसार तो बरोबर आहे. सहावी-सातवीच्या १२ मुलांना शून्य शिक्षक देणारा हिशेब मला या अनुसूचीशी कोणत्याही प्रकारे जुळवता येत नाही.

न्यायालयात गेल्यास काय होईल, असा विचार आपल्या समितीत निघेलच. निधीअभावाची सबब न्यायालयांनी पूर्वी नाकारलेली आहे. १९९५ साली महाराष्ट्र शासनाविरुद्धच्याच एका प्रकरणात, खासगी विधी महाविद्यालयांना अनुदान नाकारताना शासनाने पैशांची अडचण पुढे केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. उलट २०२१ साली उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की अनुदान मिळवणे हा शिक्षणसंस्थेचा मूलभूत हक्क नाही आणि अनुदानाचे धोरण ठरवताना शासन आपली आर्थिक स्थिती विचारात घेऊ शकते. या दोन निकालांमधून आपल्यासाठी वाट निघते ती अशी की मागणी संस्थेच्या किंवा शिक्षकाच्या नावाने करू नये, मुलांच्या नावाने करावी. चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क मुलाचा आहे. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालातही सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या आर्थिक कुवतीची मर्यादा चौदा वर्षांनंतरच्या शिक्षणाला लावली होती. चौदापर्यंतच्या मुलांना ती लावली नव्हती, आणि पुढे कलम २१-अ ने तो हक्क घटनेतच लिहिला गेला. तरीही मी आपल्याला लगेच न्यायालयाकडे धाडणार नाही. त्याआधी कायद्याने दिलेली एक पायरी आहे आणि ती बहुतेक पालक वापरतच नाहीत.

ती पायरी म्हणजे कलम ३२. मुलाच्या हक्काविषयी कोणतीही तक्रार असेल तर कोणीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते, आणि त्या प्राधिकरणाने संबंधितांना बाजू मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. आपण आजवर तोंडी विचारत गेलात आणि तोंडी उत्तर घेऊन परत आलात. तोंडी उत्तराचे काहीही पुढे होत नाही. समितीची सभा घ्या, ठराव करा, इतिवृत्तावर सर्व उपस्थित पालकांच्या सह्या घ्या, आणि त्या १२ मुलांच्या पालकांच्या नावाने जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना तक्रार लिहा. प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना द्या. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. तक्रारीत तीनच गोष्टी असाव्यात : सहावी-सातवीत किती मुले आहेत, अनुसूचीनुसार किती शिक्षक हवेत, आणि आज किती आहेत. गावाची व्यथा, छप्पर, अनुदान हे सगळे त्याच अर्जात घालण्याचा मोह होईल, पण तसे केले की उत्तर छपरावर येते आणि शिक्षकाचा प्रश्न तसाच राहतो. त्याबरोबर माहिती अधिकारात वेगळा अर्ज करून मागील तीन वर्षांच्या संचमान्यतेच्या प्रती आणि शाळा अनुदानाचे वर्षनिहाय मंजूर, वितरित व परत गेलेले आकडे मागवा. अर्जाला १० रुपये लागतात आणि माहिती ३० दिवसांत द्यावी लागते.

एका तारखेकडे मात्र आपण डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि त्या पटात आधार पडताळणी झालेलीच मुले धरली जातात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल, नावात एका अक्षराचा फरक असलेले मूल, आधारच न काढलेले पहिलीचे मूल, अशी दोन-तीन मुले कागदावरून गळाली की आपल्या पहिली ते पाचवीच्या २२ चा आकडा २० च्या खाली यायला वेळ लागणार नाही. मग त्या वर्गांच्या दुसऱ्या नियमित शिक्षकाचाही प्रश्न उभा राहील. ५ सप्टेंबर २०२४ च्या शासन निर्णयात २० पर्यंत पट असलेल्या शाळांतील एक पद कंत्राटी शिक्षकाने भरण्याची सोय केली गेली, तेव्हा २५ सप्टेंबरला शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन तिला विरोध केला होता. अशा तरतुदी येतात, बदलतात, मागे घेतल्या जातात, पण २० या आकड्यावरची प्रशासनाची नजर हटत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने समूह शाळांचे, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करून एकच शाळा चालवण्याचे, प्रस्ताव मागवले, तेव्हा २० पेक्षा कमी पटाच्या राज्यातील १४ हजार ७८३ शाळांचा आणि त्यांतल्या सुमारे १ लाख ८५ हजार विद्यार्थ्यांचा हिशेब समोर होता. त्या यादीत आपली शाळा जाऊ नये यासाठी ऑगस्टमध्येच एक दिवस काढून, मुख्याध्यापकांसोबत बसून, प्रत्येक मुलाची नोंद तपासा.

दुसरे काम शाळा विकास आराखड्याचे. तो मुख्याध्यापकांनी एकट्याने भरून द्यायचा तक्ता आहे असे बहुतेक ठिकाणी समजले जाते. कलम २२ मात्र तो तयार करण्याचे काम आपल्या समितीला देते, आणि शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणाच्या योजना व अनुदाने यांचा आधार हाच आराखडा असेल असेही सांगते. म्हणजे जे आराखड्यात नाही ते मागताना आपला पाया कच्चा राहतो. पालक साधारणपणे जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर, शिक्षक आणि दुरुस्ती मागायला निघतात. तोपर्यंत मार्चचा अर्थसंकल्प होऊन गेलेला असतो, जिल्हा परिषदेचा स्वतःचा अर्थसंकल्पही झालेला असतो, आणि पुढची संधी पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांची उरते. आपला आराखडा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तयार होऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोहोचला पाहिजे, कारण जिल्ह्याचे वार्षिक नियोजन त्याच सुमारास चालू असते. तूट असलेल्या वर्षात हे अधिकच महत्त्वाचे, कारण तेव्हा आधी नोंद असलेल्या कामांनाच कात्री लावून का होईना पैसे मिळतात आणि नंतर आलेली मागणी पुढच्या वर्षावर ढकलली जाते.

छपरासाठी मी राज्याची वाट पाहणार नाही. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी मिळतो. पंधराव्या आयोगात त्यातला ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बांधील ठेवलेला होता, ज्यातून शाळेचे स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याची सोय होऊ शकते, आणि उरलेल्या अबंधित भागातून स्थानिक गरजेची कामे घेता येतात. ग्रामपंचायत विकास आराखड्याची ग्रामसभा साधारण २ ऑक्टोबरपासून पुढे होते. त्या सभेत छपराचे काम नावानिशी आराखड्यात घालून घ्या. काम मोठे असेल तर बांधकाम उपविभागाच्या शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घेऊन जिल्हा वार्षिक योजनेतील शाळा दुरुस्तीसाठी प्रस्ताव पाठवा. छप्पर मुलांच्या जिवाशी संबंधित आहे. धोकादायक वर्गात मुले न बसवण्याचा ठराव आजच करा आणि तो लेखी कळवा.

लोकवर्गणीविषयी माझे मत स्पष्ट आहे. गावाने वाचनालयासाठी, खेळाच्या साहित्यासाठी, एखाद्या संगणकासाठी पैसे जमवावेत. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा गावांनीच उभ्या केल्या आणि सजवल्या आहेत. पण शिक्षकाच्या पगारासाठी वर्गणी काढू नये. पहिल्या वर्षी उत्साहाने पैसे जमतील, दुसऱ्या वर्षी ज्यांची मुले सातवीतून बाहेर पडली ते मागे हटतील, आणि दरम्यान कार्यालयाच्या दप्तरी आपली शाळा सुरळीत चाललेली दिसेल. ज्या गावाला ऐपत नाही त्या गावाच्या वाट्याला मग काहीच उरत नाही. अगदीच निकड म्हणून, तक्रारीचा निकाल लागेपर्यंतचे तीन-चार महिने गावातल्या एखाद्या डीएड झालेल्या मुलीने शिकवायला यावे असे ठरले, तर ती तात्पुरती व्यवस्था आहे आणि पद रिक्तच आहे असे इतिवृत्तात लिहून ठेवा. वर्गणी न देणाऱ्या घरातल्या मुलाला त्यावरून एक शब्दही ऐकावा लागू नये, कारण कोणतेही शुल्क किंवा आकार मुलाच्या शिक्षणाच्या आड येता कामा नये हे कलम ३ मध्येच आहे.

राहिला आपल्या मुलीचा प्रश्न. समितीची अध्यक्ष म्हणून तिला त्याच शाळेत ठेवणे हे आपले कर्तव्य आहे, असे मी सांगणार नाही. तो निर्णय आपला आणि तिचा आहे, आणि तिचे सहावीचे वर्ष परत येणार नाही. एवढे मात्र आकड्यांत पाहा : सहावी-सातवीची १२ मुले गेली तर शाळेचा पट २२ होईल, शाळा अनुदान २५ हजारांवरून १० हजारांवर येईल, आणि धाकट्या वर्गांतली काही भावंडेही त्यांच्यामागे गेली तर शाळा थेट समूह शाळेच्या यादीत जाईल. मग डोंगराच्या वस्तीवरची सहा वर्षांची मुले कुठे जातील, हे ठरवण्याची पाळी पुन्हा आपल्यावरच येईल. म्हणून मी सुचवीन की हे शैक्षणिक वर्ष मुलीला तिथेच राहू द्यावे, गणित-इंग्रजीसाठी घरी वेगळी मदत द्यावी आणि कलम ३२ च्या तक्रारीला तिची तीन महिन्यांची मुदत द्यावी. मुदत संपूनही शिक्षक आला नाही, तर तिला सातवीसाठी दुसरीकडे घालताना मनावर ओझे घेऊ नका. तशी वेळ आलीच तर आधी जवळची जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा पाहा. राज्याच्या नियमांनुसार सहावी ते आठवीची सोय तीन किलोमीटरच्या आत व्हायला हवी, आणि ती तशी नसेल तर समग्र शिक्षेतून वाहतूक भत्ता मागता येतो, जो निकषांप्रमाणे वर्षाला ६ हजार रुपयांपर्यंत असतो. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची बस, शुल्क आणि गणवेश यांचा खर्च सातवीपुरता नसून दहावीपर्यंतचा आहे, तो आधी कागदावर मांडून पाहा.

संचमान्यतेची प्रत हाती आली की तिच्यातला वर्गनिहाय पट, आधार पडताळणी झालेली मुले आणि मंजूर पदे हे तीन रकाने उतरवून मला कळवा. तक्रारीचा मसुदा त्या आकड्यांवरून करून देता येईल.